मधोमध ठेवायचा भोपळा

माझी थोरली बहीण आलिडा हिच्या मनाला एक गोष्ट फार लागून राहिली होती. गोष्ट तशी एका भोपळ्याची. मनातलं बोलून दाखवायची आमच्या घराण्यात पद्धत नाही, पण आलिडा मला एकटीला गाठून दर हिवाळ्यात एकदा तरी म्हणायची, "नेल, मी त्या दिवशी त्या पोरीशी बरी वागले नाही." मी म्हणायचे, "मग तिला सांग की." त्यावर ती ओट्यावरचं फडकं उचलायची आणि जे पुसायची गरज नाही ते पुसत बसायची.

पोरगी म्हणजे तिची सून, रोंडा.

आमच्या वेस्टरहोल गावात सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात. मिशिगन सरोवरापासून जरा आत, सफरचंदांच्या बागांमध्ये वसलेलं गाव. आजोबा-पणजोबा हॉलंडहून आलेले, आडनावं सगळ्यांची एकसारखी, चर्चमधली बाकंसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. अशा गावात आलिडाचा एकुलता एक मुलगा गॅरिट यानं डेट्रॉइटकडची मुलगी आणली. रोंडाचे वडील मोटारींच्या कारखान्यात होते, आई ती लहान असतानाच घर सोडून गेलेली, आणि ही कधी या काकूकडे तर कधी त्या आत्याकडे वाढलेली. आमच्याकडच्या फुलांच्या नर्सरीत ती कामाला आली होती. गॅरिट तिथं सफरचंदाची कलमं पोचवायला जायचा. पुढे पुढे कलमं नसली तरी जायचा.

लग्नानंतरच्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या आभाराच्या सणाला, आम्ही सगळे नेहमीप्रमाणे आलिडाकडे जमलो होतो. आलिडाचं जेवणाचं टेबल म्हणजे आमच्या घरातलं देवस्थानच. पांढरा, खळ घातलेला टेबलक्लॉथ. आणि मधोमध आजीनं हॉलंडहून आणलेलं निळ्या नक्षीचं सूपचं भांडं. त्यात सूप कधी कोणी ओतलेलं मला आठवत नाही. त्याची टवका उडालेली बाजू भिंतीकडे करून ठेवायची, एवढीच त्याची पूजा.

रोंडा आली ती दोन्ही हातांनी एक भोपळा छातीशी धरून. वरून कापलेला, आतून कोरलेला, आणि त्यात शेवंती गच्च भरलेली. तांबडी, पिवळी, थोडी जांभळट. मध्येमध्ये ओकची वाळकी पानं आणि गव्हाच्या ओंब्या. चालत आली असावी, कारण नाक लाल झालं होतं.

"हे टेबलावर मधोमध ठेवायला," ती म्हणाली. "मी केलंय."

आलिडा पहाटेपासून उभी होती. टर्की भट्टीतून काढायची वेळ झालेली, दोन्ही हात तुपकट. तिनं भोपळा घेतला आणि टेबलाच्या कडेला टेकवला. उचलला तेव्हा खाली टेबलक्लॉथवर पिवळट पाण्याचं वर्तुळ उमटलेलं.

"अगं बाई!" आलिडा म्हणाली. "हा बाहेरच शोभेल. खारींची तरी मेजवानी होईल."

सगळे हसले. गॅरिटही हसला. रोंडाही हसली. आलिडानं भोपळा मागच्या पडवीत नेऊन ठेवला आणि आम्ही जेवायला बसलो. दुपारी सरोवराकडून वारा सुटला, बर्फ भुरभुरायला लागलं, आणि आम्ही निघालो तेव्हा शेवंतीची फुलं काळी पडून माना टाकून बसली होती. खारीही खरंच येऊन गेल्या होत्या. रोंडानं जाताना तिकडे एकदा पाहिलं, इतकंच.

त्यानंतर ती दर वर्षी यायची, भांडी घासायला सगळ्यांच्या आधी उठायची, पण फुलं काही पुन्हा आणली नाहीत. बेकरीतले पाव आणायची, पिशवीसकट. आलिडाच्या हे लक्षात यायला दोन-तीन वर्षं गेली. मग एकदा भांडी पुसता पुसता ती मला म्हणाली, "नेल, दिवसभर फुलांत असते ती, आणि माझ्या घरी पाव आणते. त्या भोपळ्याचंच असणार." तिथपासून हे सुरू झालं.

आणि मग गॅरिट गेला. फेब्रुवारीत सरोवराकडून आलेल्या हिमवादळात समोरचं काही दिसेना, हायवेवर एका मागोमाग गाड्या आदळल्या, त्यात त्याची गाडी मधे होती. मुलगी, टेसा, तेव्हा नुकती चालायला लागली होती.

आलिडाचा नवरा आधीच गेलेला. आता मुलगाही गेला. पण माझी बहीण खचून बसणाऱ्यांतली नाही. शवपेटी, चर्च, पाद्री, जेवण, फुलं, सगळं तिनं एका दिवसात ठरवलं. गावानं तोंडात बोट घातलं. मीही मनात म्हटलं, हिचं काळीज कशाचं आहे कोण जाणे. पुढे तिनंच मला सांगितलं, "मी थांबले असते ना नेल, तर पुन्हा उठले नसते."

रोंडा गावातच राहिली. नर्सरीतलं काम, टेसाची शाळा, रविवारी चर्चनंतर आलिडाकडे जेवण. दोघी एकमेकींशी कधी वाईट बोलल्या नाहीत. पण आलिडाकडे रविवारी जेवताना मला नेहमी वाटायचं, या दोघी आगगाडीच्या एका डब्यात समोरासमोर बसलेल्या सभ्य बायका आहेत. ही तिला मीठ देते, ती हिला लोणी देते.

टेसा तिसरीत असताना रोंडाला वॉरन भेटला. पार पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगनचा माणूस, तिकडून आमच्या नर्सरीला गुलाबाची झाडं पुरवायचा. शांत, जरा टक्कल पडलेला, टेसाशी पत्ते खेळताना मुद्दाम हरणारा. त्याला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि आलिडानं ठेवलंही नाही. लग्न ठरल्यावर रोंडानं उन्हाळ्यात सांगितलं की थँक्सगिव्हिंग इथं करू आणि त्या शनिवारी आम्ही तिघं ऑरेगनला जाऊ. आलिडा म्हणाली, "टेसाला जाड कोट लागायचा नाही मग तिकडे." बस्स, एवढंच.

पण नोव्हेंबर लागल्यावर एका रविवारी जेवणं उरकत असताना आलिडा एकदम म्हणाली, "रोंडा, मला ते भोपळ्याचं शिकवशील? फुलं घालून करतात ते?"

रोंडाचा काटा हवेतच थांबला. "तुम्हाला?"

"का, मला काय झालं? म्हातारी शिकत नाही का?"

"तसं नाही. शिकवीन की."

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी सकाळी ती आली. वॉरन खोकी बांधत होता, टेसा शाळेत होती. मी ॲपल-पायसाठी सफरचंदं सोलायला आलिडाच्या स्वयंपाकघरात बसलेच होते. आलिडानं टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली होती, सुऱ्या धार लावून ओळीत मांडल्या होत्या, आणि स्वतः ॲप्रन घालून उभी होती. जणू ऑपरेशनच करायचं होतं.

"आधी भोपळा बघू," रोंडा म्हणाली. "बसका हवा. उंच असला की टेबलावर समोरच्याचं तोंड दिसत नाही."

"समोर क्लास बसणार असेल तर उंचच बरा," मी म्हणाले. क्लास आमचा भाऊ. तोंडात घास असताना बोलतो.

रोंडा हसली. तिनं आलिडाचा भोपळा उचलला, उलटा केला, बुडाला अंगठा दाबून पाहिला. "छान आहे. घट्ट आहे बूड. आता देठाभोवती कापा. सुरी सरळ नको, तिरपी धरा. भोक लहानच ठेवा, फुलं पसरली की आपोआप मोठं दिसतं."

आलिडानं कापलं. मग दोघींनी मिळून आतल्या बिया आणि धागे काढले. आलिडा चमच्यानं खरवडत होती आणि रोंडा आत बोट फिरवून सांगत होती, "अजून. इथं ओलं लागतंय. गर राहिला की दोन दिवसांत वास येतो." मग फडक्याला व्हिनेगर लावून आतून पुसून घेतलं. रोंडानं पिशवीतून एक रिकामा लोण्याचा डबा काढला आणि भोपळ्यात बसवून पाहिला. बरोबर बसला.

"डबा कशाला?"

"पाण्याला. भोपळ्याला पाणी लागूच द्यायचं नाही. फुलं डब्यात, डबा भोपळ्यात. कोणाला कळत नाही."

फुलवाल्यांचा तो हिरवा स्पंज असतो, तो तिनं पाण्याच्या पातेल्यात ठेवला. आलिडा तो हातानं दाबून बुडवायला गेली तर रोंडानं तिचं मनगट धरलं. "दाबू नका. नुसता सोडून द्या. तो आपल्या आपण पितो. दाबला की वरून ओला दिसतो आणि आतून कोरडा राहतो."

आलिडानं हात मागे घेतला. स्पंज हळूहळू खाली जात होता. तो बुडेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. आलिडा त्याच्याकडेच बघत म्हणाली, "रोंडा, पहिल्या वर्षी तू एक भोपळा आणला होतास."

"हो का? हो, आणला होता."

"मी तो पडवीत नेऊन ठेवला. खारींचं काहीतरी बोलले. सगळे तुला हसले." आलिडाच्या मानेवर लाल चट्टे आले होते. "मला त्याचं फार वाईट वाटतं. कधीपासून सांगायचं होतं. चुकलं माझं."

मी सोलत असलेलं सफरचंद हातात तसंच राहिलं. माझ्या बहिणीच्या तोंडून 'चुकलं माझं' हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

रोंडानं तिच्याकडे पाहिलं आणि चक्क हसायला लागली. वाईट हसणं नव्हतं ते. "अहो आलिडा, तो भोपळा! त्याला पाणी सुटलं होतं! मी आत डबा ठेवलाच नव्हता. शेवंती सरळ ओल्या गरात खोचली होती. मला तेव्हा कुठं काय येत होतं? नर्सरीत मी नुसती कुंड्या भरायचे. तुमच्या जागी मी असते तर मीसुद्धा पडवीतच ठेवला असता. एवढा पांढराशुभ्र टेबलक्लॉथ तुमचा!"

"पण मग तू पुन्हा कधी फुलं आणली नाहीस."

"नोव्हेंबरात आमच्याकडे नाताळची लाल रोपं गाडीत भरायची घाई असते. बोटांची सालं निघतात. सुट्टीच्या दिवशी मला फूल बघवायचं नाही. म्हणून पाव."

"म्हणून पाव," आलिडा म्हणाली. ती खुर्चीत बसली. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं मला दिसलं. ती हसली, ॲप्रननं डोळे टिपले, मग पुन्हा हसली. "ऐकलंस का नेल? आणि मी इथं कुढत बसले होते!"

"मी सांगितलं नव्हतं तुला?"

तिथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण मोठं ओझं उतरलं की माणूस जरा सैल होतो. आलिडा रोंडाचा हात थोपटत म्हणाली, "मग तुझ्या मनात माझ्याबद्दल काही नाही तर. मी उगीच आपली—"

रोंडा शेवंतीचे देठ तिरके कापत होती. कात्रीचा आवाज थांबला.

"भोपळ्याचं काही नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"राहू द्या ना आलिडा. शनिवारी मी चाललेच आहे."

"म्हणून तर सांग. पुन्हा कधी सांगशील?"

रोंडानं कात्री खाली ठेवली. थोडा वेळ तिनं टेबलावरची पानं गोळा केली, एका बाजूला सारली.

"गॅरिटच्या वेळी," ती म्हणाली, "मी चर्चमध्ये एक खोका घेऊन आले होते."

"कसला खोका?"

"फुलांचा. आमच्या घराच्या मागे त्यानं माझ्यासाठी वाफा केला होता. हायड्रेंजियाचे गुच्छ होते, ती कागदी कंदिलासारखी केशरी बोंडं येतात ती होती, गहूसुद्धा लावला होता एका ओळीत, लोक हसायचे त्याला. सगळं मी तळघरात उलटं टांगून वाळवून ठेवलं होतं. त्याच्या शवपेटीवर ठेवायला मी त्या फुलांची माळ केली. सबंध दिवस लागला. टेसा शेजारणीकडे होती. मी तो खोका घेऊन चर्चच्या दारात आले, आणि तुम्ही दारात उभ्या होतात. करडा कोट होता तुमचा."

"हो, करडा कोट होता," आलिडा म्हणाली. "पण खोका..."

"तुम्ही म्हणालात, 'फुलांचं सगळं झालंय. तू दमलीस, तू नुसती बस.' आणि कोणाला तरी हाक मारून खोका परत गाडीत ठेवायला लावलात. आत पांढरे ग्लॅडिओलस होते. गॅरिटला ग्लॅडिओलस आवडायचे नाहीत. तो म्हणायचा, बँकेत गेल्यासारखं वाटतं."

"मी तुला त्रास नको म्हणून... तू किती रात्री झोपली नव्हतीस. मी सगळ्यांना म्हणाले होते, त्या पोरीवर काही म्हणजे काही टाकायचं नाही."

"माहीत आहे मला. तुम्ही चांगल्या मनानंच केलंत. म्हणून तर मला कधी बोलता आलं नाही." रोंडाचा आवाज चढला नव्हता, उलट ती टेसाला गणित समजावते तसं बोलत होती. "पण माझ्या नवऱ्याची फुलं होती ती, आलिडा. मला दुसरं येत काय होतं? त्या दिवशी तुमच्यासारखा स्वयंपाक मला येत नव्हता. तुमच्या डच स्तोत्रांचे शब्द येत नव्हते. पाहुणे कोण, कोणाशी काय बोलायचं, काही कळत नव्हतं. तेवढं एक येत होतं. आणि मी नुसती बसले."

बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

आलिडा टेबलाकडे बघत होती. मी तिला ओळखते; ती आठवायचा प्रयत्न करत होती. कपाळावर आठ्या, ओठ जरासे हलताहेत. चर्चचं दार, करडा कोट, बर्फ. पण खोका काही तिला सापडत नव्हता.

"मला आठवत नाही," ती शेवटी म्हणाली. खोटं नव्हतं. "रोंडा, मला खरंच आठवत नाही गं."

"हो. मला वाटलंच होतं."

"ती माळ... ती आहे का अजून?"

"नाही. वसंत आल्यावर वाफ्यातला पालापाचोळा जाळला, त्यात टाकली."

आलिडा उठली. तिनं रोंडाचे दोन्ही हात धरले; हिरव्या चिकानं माखलेले होते ते. "मग आता करू या. आपण दोघी. आज करू. तू सांग कशी होती, मी फुलं आणते, कुठूनही आणते. थडग्यावर नेऊन ठेवू. उद्या जेवणाआधी जाऊन येऊ."

रोंडानं हात सोडवून घेतले नाहीत. पण मान हलवली. "नको, आलिडा."

"का नको?"

"त्याचं मी माझ्या परीनं कधीच केलंय. दर वर्षी करते, एकटी. आता जे करायचं म्हणताय ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून होईल. ते मला नाही जमायचं. राग म्हणून नाही हं. नाहीच जमायचं."

आलिडानं हात सोडले.

"स्पंज भिजलाय," रोंडा म्हणाली. "चला, तो डब्यात बसवा. मग आधी पानं. पानांनी कड झाकायची, नंतर मोठी फुलं. मोठी खाली, कडेला. लहान वर."

आणि माझ्या बहिणीनं स्पंज डब्यात बसवला. मी सांगते, मला ते बघवत नव्हतं. ओकची पानं ती एकेक करून कडेनं खोचत होती. रोंडा एकेक फूल कापून तिच्या हातात देत होती आणि म्हणत होती, "इकडे. जरा खाली. हां, आता फिरवा, सगळ्या बाजूंनी दिसायला हवं, लोक चारी बाजूंना बसतात." एकदा आलिडानं रानवेलीची डहाळी चुकीची लावली तर रोंडा म्हणाली, "असू द्या, छान दिसतंय. सगळं सारखं नसलं तरच बरं दिसतं." कोणी खिडकीतून पाहिलं असतं तर म्हटलं असतं, किती छान सासू-सुना आहेत.

दुसऱ्या दिवशी आजीचं निळं भांडं कपाटात गेलं आणि भोपळा टेबलाच्या मधोमध बसला. क्लास आत येताच ओरडला, "आलिडा! कुठल्या दुकानातून आणलास?"

"रोंडानं केलाय," आलिडा म्हणाली.

"नाही हो," रोंडा म्हणाली. "त्यांनीच केलाय. मी नुसतं सांगितलं."

आमच्याकडे जेवणाआधी टेबलाभोवती प्रत्येकानं एकेका गोष्टीबद्दल आभार मानायचे असतात. टेसानं वॉरनच्या घरी असलेल्या कुत्र्याबद्दल आभार मानले. क्लासनं सालाबादप्रमाणे टर्कीबद्दल मानले. आलिडाची पाळी आली तेव्हा तिनं भोपळ्यातलं एक पान नीट केलं. मग म्हणाली, "रोंडा या घरात आली, त्याबद्दल."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. रोंडानं वर पाहिलं. मी तिच्या समोर होते. भोपळा बसका होता, तिचा चेहरा मला पूर्ण दिसत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते कशाचं हे मी आजही सांगू शकणार नाही.

"बटाटे गार व्हायला लागले," ती म्हणाली. सगळे हसले, आणि आम्ही जेवलो.

शनिवारी वॉरनच्या ट्रकमध्ये खोकी चढली. रोंडानं आलिडाला मिठी मारली, चांगली घट्ट. टेसा रडली आणि वाटेत लगेच झोपली म्हणे.

नंतरचा हिवाळा आलिडाला फार जड गेला. ती माणसांना विचारत हिंडली. चर्चचा जुना रखवालदार, पाद्रीबाई, अंत्यविधी करणारा तो उंच माणूस, सगळ्यांना. "त्या दिवशी दारात एक खोका होता, आठवतो का?" कोणालाच आठवेना. मलाही विचारलं. मी आत होते, चर्चचा ऑर्गन वाजवणाऱ्याला सुरांच्या वहीची पानं उलटून देत होते. तिला कोणाकडून तरी ऐकायचं होतं की तो खोका लहान होता की मोठा, ती तेव्हा रागानं बोलली की प्रेमानं. एकदा मला म्हणाली, "नेल, त्या भोपळ्याचं वाईट वाटून घेतलं तेव्हा निदान तो भोपळा माझ्या डोळ्यांसमोर होता. आता वाईट वाटतंय आणि डोळ्यांसमोर काहीच नाही."

मी तिला म्हटलं, "तू तेव्हा आई होतीस. तुझा मुलगा गेला होता."

"आणि तिचा नवरा गेला होता," आलिडा म्हणाली. "ते मी धरलंच नाही."

दर रविवारी फोन व्हायचे. टेसा शाळेतलं सांगायची, रोंडा हवापाणी सांगायची. आलिडानं त्या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही. उघडलं तर रोंडालाच पुन्हा आपली समजूत काढत बसावं लागेल, हे तिला कळलं होतं.

दोन-तीन वर्षांनी, जूनमध्ये, त्यांनी आलिडाला ऑरेगनला बोलावलं. ती पहिल्यांदाच विमानात बसली. आठवडाभर राहून आली आणि आल्या आल्या माझ्या पडवीत येऊन बसली. टेसा आता तिच्याएवढी उंच झाली होती. रोंडानं तिथं स्वतःचं फुलांचं दुकान काढलं होतं, काचेचं मोठं दार, आत गारवा. वॉरनची आईही त्यांच्याजवळच राहायची, गोरीपान, ठेंगणी, सतत काहीतरी विणणारी.

"चांगली आहे ती बाई," आलिडा म्हणाली. "तिच्यात वाईट काही नाही."

पडवीच्या पायरीवर मुंग्यांची रांग चालली होती, ती बघत बसली.

आमच्या गावात सुना सासूला आईच म्हणतात. रोंडा मात्र आलिडाला पहिल्यापासून नावानंच हाक मारायची. शहरातली रीत असेल म्हणून कोणी कधी मनावर घेतलं नाही, आलिडानंही नाही.

"एक दिवस सकाळी," आलिडा म्हणाली, "मी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते, खिडकीजवळ. रोंडा माझ्या पाठीमागे होती. तिनं हाक मारली, 'आई.' इतकी सहज गं नेल, जशी तू मला हाक मारतेस. आणि मी म्हणाले, 'काय गं?'"

मी वळून तिच्याकडे पाहिलं.

"वॉरनची आई दारात उभी होती. तिला मारली होती हाक. मला ती आलेली कळलीच नव्हती." आलिडानं हातातल्या पर्सचं बक्कल उघडलं, बंद केलं. "रोंडा थबकली. मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, 'कॉफी देऊ का तुम्हाला, आलिडा?'"

"मग?"

"मग काय? म्हटलं, दे. अर्धा कप दे."